करवीरची अनुदाने आणि सरकारी विधिज्ञ

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहावे, अशी संपादक मंडळाने आम्हांस आज्ञा केली. आमचे आयुष्य सरकारी कायदेखात्यात फायली वाचण्यात गेले. रणांगणे व राजवाडे यांवर लिहिण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु सार्वजनिक पैसा एखाद्या संस्थेस देताना सरकार आपल्या विधिज्ञास काय विचारते, हा विषय आमच्या नित्य परिचयाचा आहे. शिवाय ज्या वसतिगृहात आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांनी व आजोबांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, त्याचा पायाही अशाच एका अनुदानाचा आहे.

अनुदान म्हणजे दानच, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती बरोबर नाही. दान दिले की दात्याचा हात सुटतो. अनुदानात तो सुटत नाही. फाईल पुढे आली की विधिज्ञास पाहावे लागते, की हा पैसा देण्याचा अधिकार कोणत्या आधारे आहे, तो कोणत्या प्रयोजनासाठी आहे, आणि ते प्रयोजन बुडाले तर पैसा परत कसा घ्यावयाचा. हा शेवटचा प्रश्न सर्वांस अप्रिय. अनुदान देण्याच्या आनंदाच्या प्रसंगी वसुलीची भाषा करणारा मनुष्य कोणास आवडणार ! आम्हांस तो अनुभव पुष्कळ आहे.

करवीर संस्थानात हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उपस्थित झाला तो वेदोक्त प्रकरणात. त्या वादाने ज्ञातीज्ञातींत ज्या जखमा झाल्या, त्या उकरून काढण्याची आमची इच्छा नाही. आम्हांस फक्त त्यातील कायद्याचा धागा दाखवावयाचा आहे. राजोपाध्यांस जे वतन होते, ते कुळास कायमचे दिलेले होते, की छत्रपतींच्या घरची धर्मकृत्ये करण्याच्या सेवेसाठी होते ? सेवेसाठी असेल, तर सेवा नाकारणाराचे वतन चालू राहील काय ? 1902 च्या मे महिन्यात शाहू छत्रपतींनी ते वतन जप्त केले. त्यावरील दाद वरिष्ठ ब्रिटिश सरकारपर्यंत गेली. तथापि 1905 पर्यंत ती कोठेही मान्य झाली नाही. देणगीच्या मुळाशी असलेले प्रयोजन मोडले की देणगीही मोडते, हे तत्त्व येथे केवढ्या मोठ्या वादळात उभे राहिले, हे दृष्टोत्पत्तीस येते.

त्याच सुमारास दुसरे काम शांतपणे चालले होते. महाराजांनी 1896 मध्ये सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढून पाहिले होते. परंतु दार सर्वांस उघडे असूनही त्याचा लाभ प्रत्यक्षात बहुतांशी ब्राह्मण विद्यार्थ्यांसच मिळाला. तेव्हा 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुसलमान समाजाची शिक्षणसंस्था, 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि मग ही मालिका पुढे वाढतच गेली. जागा, इमारती, सालिना रकमा दरबाराकडून मिळत. 26 जुलै 1902 च्या हुकुमाने नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. परंतु त्या जागांवर बसण्याजोगी मुले तयार झाली ती या बोर्डिंगांत.

येथे एक गोष्ट आमच्या तरुण मंडळींनी अवश्य लक्षात घ्यावी. मराठा बोर्डिंगात प्रारंभापासून मुसलमान विद्यार्थ्यांसही घेतले जात असे. पाटीवर एका ज्ञातीचे नाव होते, म्हणून दाराला कडी घातलेली नव्हती. ज्ञातीचे नाव हे पैसा गोळा करण्याचे व मुले शोधून आणण्याचे साधन होते. प्रयोजन होते ते शिक्षण.

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले, आणि पुढल्याच वर्षी राज्यघटना आली. आता अटी केवळ घेणारावर नव्हे, देणारावरही बसल्या. राज्याच्या पैशाचे साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणाही नागरिकास केवळ धर्म, वंश, जात वा भाषा यांच्या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही, असे 29 व्या अनुच्छेदाने सांगितले. मद्रासच्या जातवार जागावाटपाचा हुकूम 1951 च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयात याच अनुच्छेदावर आपटला; आणि दोनच महिन्यांत घटनादुरुस्ती होऊन मागासवर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्यास देण्यात आला.

मुंबई सरकारचा स्वतःचा धडा 1954 मधला. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियेतर वंशाच्या मुलांखेरीज इतरांस घेऊ नये, असा हुकूम सरकारने काढला. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचे प्रकरण उच्च न्यायालयात सरकार हरले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयातही हरले. स्वभाषेस उत्तेजन देण्याच्या हेतूस न्यायालयाने नावे ठेविली नाहीत. हुकुमाचा परिणाम मात्र घटनेविरुद्ध ठरला. गंमत अशी, की अँग्लो-इंडियन शाळांस घटनेने जे खास अनुदान काही वर्षांपुरते दिले होते, त्याची अटच होती की निदान चाळीस टक्के प्रवेश इतर समाजांस खुले असावेत. म्हणजे घटना ज्या अटीवर पैसा देत होती, तीच अट सरकारचा हुकूम मोडावयास सांगत होता ! फाईलवर सही करण्यापूर्वी मागची पाने का वाचावीत, हे आम्ही नव्या सहकाऱ्यांस या उदाहरणावरून सांगत असू.

एक प्रसंग सांगतो. संस्थेचे नाव घेणे उचित नव्हे. विद्यार्थ्यांच्या निवासासाठी मिळालेल्या जागेत लग्नसराईत मांडव पडू लागले. भाडे चांगले येई, मुले मात्र तेवढे दिवस व्हरांड्यात निजत. अनुदान थांबवावे काय, असा प्रश्न आमच्याकडे आला. चालक परिचयाचे, किंबहुना दूरचे सोयरे. आम्ही मत लिहिले की प्रयोजन बदलले आहे, रक्कम थांबवावी. पुढे दोन वर्षे त्या घरचे आमंत्रण आम्हांस आले नाही. मुलांच्या खाटा मात्र पुन्हा आत गेल्या.

आता आपल्या दाराशी येतो. आपल्या वसतिगृहाच्या डागडुजीसाठी सरकारी साहाय्य मागावे की नाही, यावर गेल्या वार्षिक सभेत बराच वाद झाला. पैसा घेतला तर इतर ज्ञातींची मुले घ्यावी लागतील, म्हणून तो घेऊच नये, असे काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. वसतिगृह हे कायद्याच्या अर्थाने शिक्षणसंस्था होय की नव्हे, यावर वकील मंडळी दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. 2025 च्या ऑगस्टपासून तर उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, वादास मुंबईला जाण्याचेही कारण उरले नाही. परंतु प्रवेश सर्वांस खुला ठेवावा, असे अनुदानाच्या अटीतच लिहिलेले असले की तो वाद संपतो. आमचे मत काही बंधूंस रुचणार नाही, तरी स्पष्ट लिहितो : साहाय्य मागावे आणि अट मान्य करावी. निम्म्या खोल्या आज रिकाम्या आहेत, आणि गारगोटी, शाहूवाडीकडची मुले शहरात खोली मिळेना म्हणून परत जातात.

मात्र अर्ज करण्यापूर्वी दरबाराने आपल्यास जागा देताना कोणत्या शब्दांत दिली, हे पाहिले पाहिजे. त्या ठरावाची नक्कल संस्थेच्या दप्तरात आम्हांस सापडली नाही. जुन्या पंचांच्या घरी, पेटीत वा माळ्यावर, ती असण्याचा संभव आहे. ज्यांस मिळेल त्यांनी मूळ कागद स्वतःपाशी ठेवून नक्कल चिटणीसांकडे आणून द्यावी.