ताप नाही, खोकला नाही, तरी कोरोना पसरतो कसा?

मे 2021 मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात 8 हजारांहून अधिक मुलांचा कोरोना अहवाल पॉझिटिव्ह आला आणि 'तिसरी लाट आली' असे मेसेज फिरू लागले. प्रत्यक्षात हा आकडा जिल्ह्यातल्या त्या महिन्यातील रुग्णांच्या साधारण 10 टक्के होता. बहुतेक मुलांना लक्षणे नव्हती किंवा अगदी सौम्य होती. मुलांच्या बाबतीत हा दिलासाच. पण त्याच घरात सत्तरीची आजी असेल तर?

विषाणू पसरायला खोकलाच लागतो असे नाही. बोलताना, हसताना, नुसता श्वास सोडतानाही नाकातोंडातून सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. बंद खोलीत ते बराच वेळ हवेत राहतात. ताप, अंगदुखी ही मुख्यतः शरीराने विषाणूशी चालवलेल्या लढ्याची खूण. विषाणूची वाढ मात्र त्याआधीच सुरू झालेली असते. त्यामुळे बाधित व्यक्ती लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून संसर्ग देऊ शकते. 2003 च्या सार्समध्ये रुग्ण बहुतांशी आजारी पडल्यावरच संसर्ग पसरवत, म्हणून ताप तपासणे उपयोगी ठरले. कोरोनात दुकानाच्या दारावरच्या 'टेम्परेचर गन'ने असे अनेक जण सुटले.

इथे दोन गट वेगळे धरावे लागतात: ज्यांना लक्षणे पुढे दिसणार आहेत ते आणि ज्यांना कधीच दिसत नाहीत ते. जून 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मारिया व्हॅन केरखोव्ह यांनी लक्षणे नसलेल्यांकडून प्रसार 'अत्यंत दुर्मीळ' असल्याचे म्हटले, ते दुसऱ्या गटाबद्दल. दुसऱ्याच दिवशी त्यांनी खुलासा केला, पण व्हायरल झाले ते पहिलेच वाक्य. अमेरिकेच्या सीडीसीच्या संशोधकांनी जानेवारी 2021 मध्ये गणिती प्रारूपावरून मांडलेला अंदाज असा: एकूण प्रसारापैकी 35 टक्के लक्षणे दिसण्यापूर्वी, 24 टक्के कधीच लक्षणे न दिसलेल्यांकडून. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. शिवाय लक्षणे कधीच न दिसलेली एक व्यक्ती सहसा खोकणाऱ्यापेक्षा कमी लोकांना बाधित करते. पण ती घरी थांबत नाही, लग्नाला जाते, बाजारात जाते.

म्हणूनच महासाथीच्या काळात रुग्णाच्या संपर्कातल्या ठणठणीत माणसांचीही चाचणी केली जात असे. संपर्कानंतर दुसऱ्याच दिवशी केलेली चाचणी मात्र निगेटिव्ह येऊ शकते, कारण तेव्हा विषाणू चाचणीत सापडण्याइतका वाढलेला नसतो.