वाट चुकलेलं हसू

तोंडावरचा लकवा ओसरला म्हणून घरचे पेढे वाटतात. काही महिन्यांनी तोच माणूस हसला, की त्याचा डोळा आपोआप मिटतो. लोक म्हणतात, डोळा मारतो! बिचारा हसणंच सोडतो.

चेहरा हलवणाऱ्या नसेवर चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये लंडनला निबंध मांडला. तिथलेच चार्ल्स बॅलन्स यांनी १८९५ मध्ये ही नस खांद्याच्या नसेला जोडली. चेहरा हलला, पण खांद्याच्या तालावर!

दुखावलेली नस पुन्हा वाढताना तिचे तंतूही असेच भलत्या स्नायूत शिरतात. ओठांचा निरोप पापणीला पोचतो. इथे जोर लावून भागत नाही. फिजिओथेरपिस्टकडून आरशासमोर सावकाश, हलक्या हालचाली शिकाव्या लागतात. हट्टी स्नायूला बोटॉक्सची सुई काही महिने शांत ठेवते.

तोवर आपण एवढंच करावं. मिटल्या डोळ्याकडे न पाहता हसण्याला हसून उत्तर द्यावं.