एररलाही तारीख असते

लॅपटॉप जुना आहे, विंडोज ७ आहे, पायथन इन्स्टॉल होत नाही; आता नवा घ्यायचा का? पीएचडीच्या तयारीला लागलेले विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात. मशीन तसं ठणठणीत असतं, एक्सेल चालतं, पीडीएफ उघडतात. पण इन्स्टॉलर म्हणतो, विंडोज ८.१ किंवा त्यापुढची हवी. ऐकणाऱ्याला वाटतं, मशीनचा दम संपला. खरं तर या वाक्यात मशीनच्या ताकदीबद्दल काहीच नाही. एक जुना निर्णय तेवढा त्यात आहे आणि त्याला तारीख आहे.

पायथनवाल्यांचा नियम सरळ आहे. नवी आवृत्ती येते त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट ज्या विंडोजला आधार देत असेल, त्या विंडोजवर ती चालली पाहिजे. आता तारखा लावून बघा. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला आणि पायथन ३.४ त्याआधी जेमतेम तीन आठवडे, १६ मार्चला आलं होतं. म्हणून एक्सपीवर ३.४ चालतं, ३.५ नाही. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. पायथन ३.८ ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेलं, ३.९ ऑक्टोबर २०२० मध्ये. म्हणजे तुमच्या लॅपटॉपसाठी शेवटची आवृत्ती ३.८. त्यातही विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर ३.८.१० पर्यंतच मिळतो, पुढच्या ३.८ मालिकेचा फक्त सोर्स कोड आहे. सर्व्हिस पॅक १ आणि त्यानंतरचे अपडेट असतील, तर ३.८.१० बिनबोभाट बसतं.

इथे बरेच जण आडवाट धरतात. ३.९ ची झिप फाइल उघडून चालवतात, मग अमुक डीएलएल सापडत नाही असा एरर येतो, आणि ती डीएलएल कुठल्यातरी साइटवरून उतरवून सिस्टिमच्या फोल्डरमध्ये टाकतात. कृपया हे करू नका. व्हायरसची भीती आहेच, पण हा रोगही जुना आहे. डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रॅमनी मिळून वापरायची फाइल. मेमरी आणि डिस्क महाग होत्या त्या काळातली ही काटकसर. नव्वदच्या दशकात प्रत्येक इन्स्टॉलर येताना आपली डीएलएल आणायचा आणि आधीचीवर लिहायचा. एक प्रोग्रॅम सुरू झाला की दुसरा बंद. या प्रकाराला ‘डीएलएल हेल’ असं नावच पडलं. विंडोज २००० मध्ये सिस्टिमच्या फाइलींना राखण बसली, ती याच अनुभवातून. आपण हाताने फाइल कोंबतो तेव्हा तोच गोंधळ पुन्हा घरात घेतो.

दुसरा नेहमीचा एरर डिजिटल सहीचा: सही तपासता येत नाही. सहीसाठी पूर्वी शा-१ नावाची पद्धत होती. ती कमकुवत आहे हे २००५ मध्येच गणिताने दाखवलं गेलं. २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी वेगवेगळ्या मजकुराच्या दोन पीडीएफ एकाच ठशाच्या करून दाखवल्या. मग २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजचे अपडेट शा-२ वर नेले. ज्या विंडोज ७ वर त्या वर्षीचे अपडेट नाहीत, तिला ही नवी सही वाचताच येत नाही. मायक्रोसॉफ्टच्याच अपडेट कॅटलॉगमधून आधी केबी ४४९०६२८ आणि मग केबी ४४७४४१९ घाला, बहुतेक वेळा काम होतं.

‘आर’ वापरणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: एप्रिल २०२२ च्या ४.२.० पासून ३२-बिट विंडोज सुटलं. ४.१.३ घ्या, क्रॅनवर जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या आहेत.

जुनी आवृत्ती म्हणजे कमअस्सल संशोधन, असा न्यूनगंड नको. पण आवृत्तीचा नंबर प्रबंधात लिहायलाच हवा, आणि हे उपचारापुरतं नाही. ‘आर’च्या ३.६.० मध्ये, एप्रिल २०१९ ला, सॅम्पल या फंक्शनची नमुना निवडण्याची रीत बदलली. तोच कोड आणि तोच सीड ३.५ वर चालवला तर वेगळा नमुना हाती येतो. तुमच्या तक्त्यातला आकडा परीक्षकांच्या मशीनवर जुळला नाही, तर व्हायव्हात उत्तर देण्यासाठी तो नंबरच कामाला येईल.

आणि इन्स्टॉलरची फाइल डेटाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवा. ‘आर’ची पॅकेजेस ठरावीक तारखेला जशी होती तशी देणारं एमआरएएन हे मायक्रोसॉफ्टचं भांडार होतं. अनेकांनी आपले कोड त्याच्या भरवशावर लिहिले. जुलै २०२३ मध्ये ते बंद झालं.