कॉट आणि कॉट

इंग्रजीत खाटेला कॉट म्हणतात आणि 'पकडलं' यालाही कॉट. स्पेलिंग वेगळं, पण मराठीत लिहिताना दोन्हीकडे तोच काना आणि तोच अर्धचंद्र. आपण दोन्ही शब्द सरसकट सारखेच म्हणतो आणि आपलं काही अडतही नाही. पण असल्याच बारीक फरकावर एक माणूस तुरुंगातून सुटला, हे वाचलं आणि माझा अख्खा शनिवार त्यात गेला.

गोष्ट १९८४ची, लॉस एंजेलिसची. पॅन अ‍ॅम विमान कंपनीला बॉम्बच्या धमकीचे फोन आले. संशय गेला कंपनीतल्याच एका कर्मचाऱ्यावर. तो मूळचा न्यूयॉर्कचा. पुरावा काय, तर टेपवरचा आवाज याच्यासारखा वाटतो!

बचाव पक्षाने त्या टेप विल्यम लबॉव्ह यांच्याकडे पाठवल्या. हे गृहस्थ (१९२७-२०२४) आधी शाई बनवण्याच्या धंद्यात केमिस्ट होते, मग भाषाशास्त्राकडे वळले. १९६२ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत फिरून विक्रेत्यांना मुद्दाम असे प्रश्न विचारले, की उत्तर 'फोर्थ फ्लोअर' हेच यावं. महागड्या दुकानात 'र' जास्त ऐकू आला, स्वस्त दुकानात सगळ्यात कमी. उच्चारातून माणसाचं गावच काय, सामाजिक पायरीही कळते, हे त्यांनी आकड्यांत दाखवलं.

लबॉव्हनी टेप ऐकल्याबरोबर ओळखलं की हा फोनवाला न्यूयॉर्कचा नाहीच, बॉस्टनकडचा आहे. गोंधळ का झाला? दोन्ही शहरांच्या जुन्या बोलीत शब्दाच्या शेवटचा 'र' गळतो. कॅलिफोर्नियातली माणसं तो नीट उच्चारतात, त्यामुळे त्यांना हे दोघेही सारखेच 'पूर्वेकडचे' वाटतात. सातारच्या माणसाला नागपूर आणि चंद्रपूरच्या बोलीतला फरक पटकन सांगता येईल का? तसंच.

पण स्वरांचं गणित वेगळं. बॉस्टनकडे खाटेचा कॉट आणि पकडलेला कॉट एकच होऊन गेलेत. न्यूयॉर्कमध्ये ते पक्के वेगळे: खाटेचा 'आ'कडे झुकतो, तर पकडलेला ओठ गोल करून 'ओ'कडे, जवळजवळ 'कोअट' असा. आता 'बॉम्ब' हा शब्द खाटेच्या गटातला आणि 'ऑफ' दुसऱ्या गटातला. म्हणजे धमकी देणाऱ्याच्या तोंडी जे शब्द येणार, त्यांतच त्याचं गाव लपलेलं!

न्यायाधीश पडले पश्चिमेकडचे. त्यांच्या कानाला हा फरक कळेना. मग लबॉव्हनी स्वरांच्या फ्रीक्वेन्सी मोजून त्यांचे आलेखच कोर्टात मांडले. कानाला जे कळत नव्हतं, ते डोळ्यांना दिसलं. (इंजिनिअर मंडळींनी इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही.) आणि मुद्दाम नक्कल केली असेल तर? नक्कल करणारा 'र' सहज गाळेल हो, पण प्रत्येक शब्दात, प्रत्येक वेळी, दोन स्वर एका जागी आणून ठेवणं जवळजवळ अशक्य.

आरोपी निर्दोष सुटला. तोपर्यंत १५ महिने तुरुंगात गेले होते.

मला यातली भीती वेगळीच वाटते. त्याच्यावर आरोप करणारे खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच दोन्ही आवाज सारखे वाटत होते. आपल्या बोलीत जो फरक नाही, तो आपल्याला ऐकूच येत नाही आणि ऐकू येत नाही हेही कळत नाही. तेव्हा पुढच्या कॉन्फरन्स कॉलवर 'हे सगळे एकसारखेच बोलतात बुवा' असं वाटलं, तर दोष त्यांच्या जिभेचा की आपल्या कानाचा, एवढं तपासून पाहा.