पंप शंभर वर्षे टिकतो, त्याच्यामागची वीज?

पावसाळ्यात येडशीच्या रामलिंग घाटात गेलेल्या माणसाला 'पाणी जाते कुठे?' हा प्रश्न पडत नाही. बालाघाटच्या डोंगररांगेवर पडलेला पाऊस आपली वाट आपणच शोधतो. एका अंगाचे पाणी सीनेकडे उतरून भीमेला मिळते, दुसऱ्या अंगाचे तेरणा आणि मांजरा या नद्यांतून गोदावरीला. या भागात विजेची मोटार लागते ती पाणी आणण्यासाठी. पाणी घालवण्याचे काम उतार करतो, आणि तो कधी बिघडत नाही, त्याला विजेचे बिलही येत नाही.

उतार जिथे संपतो तिथली गोष्ट वेगळी. समुद्राच्या काठी, भरतीच्या पातळीच्या खाली वसलेल्या वस्तीतले पावसाचे पाणी उचलूनच बाहेर टाकावे लागते. हे उचलण्याचे काम गेल्या सव्वाशे वर्षांत वाफेकडून विजेकडे कसे गेले आणि त्यात शहरांनी कोणती नवी जोखीम पत्करली, हे या लेखात पाहायचे आहे.

मुंबई ही मुळात सात बेटे. १७८४ च्या सुमारास वरळीजवळची खाडी बांध घालून अडवली गेली (हाच तो हॉर्नबी वेलार्ड) आणि आतली दलदल हळूहळू जमीन झाली. जमीन झाली तरी तिची उंची काही वाढली नाही. भायखळा आणि आसपासचा मोठा सखल पट्टा भरतीच्या पाण्यापेक्षा खालीच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मैलापाण्यासाठी वरळीच्या लव्हग्रोव्ह येथे वाफेच्या इंजिनांवर चालणारे पंप आले. पावसाच्या पाण्यासाठी मात्र गटारे आणि ओहोटी यांच्यावरच भिस्त होती. ही जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल अशा बेताची होती, आणि तीही ओहोटी असेल तर. समुद्राला मिळणाऱ्या गटारांची १८६ मुखे मोजली गेली, तेव्हा त्यांपैकी भरतीच्या पातळीच्या वर असणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. भरती आली की बाकीची मुखे पाण्याखाली, आणि पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येणार.

१९८५ च्या पावसात शहर बुडाल्यावर या व्यवस्थेचा अभ्यास करवून घेण्यात आला. 'ब्रिमस्टोवॅड' या नावाने ओळखला जाणारा तो अहवाल १९९३ मध्ये आला. क्षमता तासाला ५० मिलिमीटर करावी आणि सखल भागांसाठी आठ उदंचन केंद्रे, म्हणजे पाणी उपसणारी पंपगृहे, बांधावीत असे त्यात सुचवले होते. बरीच वर्षे त्यावर फारसे काही झाले नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम पाऊणशे मिलिमीटर. त्या पावसात राज्यात हजारावर माणसे दगावली. त्यानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि रखडलेल्या कामांना गती आली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदर बंध अशी केंद्रे एकामागून एक उभी राहिली. माहुल आणि मोगरा ही दोन २०२५ च्या पावसाळ्यापर्यंतही पूर्ण झालेली नव्हती.

या केंद्रांतला एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी उचलतो. वर्गात हे गणित अवश्य करून घ्यावे. पाणी ४ मीटर उचलायचे असे धरले, तर लागणारी शक्ती ६,००० × ९.८ × ४, म्हणजे सुमारे २३५ किलोवॅट. पंप आणि मोटार यांची एकत्रित कार्यक्षमता ७० टक्के धरली की विजेकडून घ्यावे लागतात साधारण ३३५ किलोवॅट. विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या नव्वद मोटारी एकदम चालू कराव्यात तेवढी ही वीज झाली, तीही एका पंपाची. आता दुसरे गणित. एक चौरस किलोमीटरवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळे पाणी वाहून आले, तर सेकंदाला सुमारे १४ घनमीटर पाणी होते. म्हणजे चौरस किलोमीटरमागे असे दोन-अडीच पंप हवेत. मुसळधार पावसात ही वीज न अडखळता मिळाली पाहिजे, आणि नेमक्या त्याच वेळी ती मिळण्याची खात्री सर्वांत कमी असते.

वाफेच्या काळात इंजिन आणि बॉयलर पंपाच्या शेजारीच असत. एक इंजिन बिघडले तर त्याच्यापुरते काम थांबे. विजेने सोय केली. बॉयलर गेला, कोळसा गेला, बटण दाबले की पंप सुरू. पण आता सगळे पंप एका अदृश्य धाग्यात ओवले गेले. समजा, एका केंद्रात सहा पंप आहेत आणि ऐनवेळी प्रत्येकाच्या न चालण्याची शक्यता दहात एक आहे. हे बिघाड एकमेकांशी संबंधित नसतील तर सहाही पंप एकदम बंद पडण्याची शक्यता दहा लाखांत एक. पण सहाही पंपांना वीज देणारे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) एकच असेल आणि ते बंद पडण्याची शक्यता शंभरात एक असेल, तर सगळे केंद्र बंद पडण्याची शक्यताही निदान शंभरात एक होते. दहा हजारपट! हे आकडे आम्ही केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. तरी पंपांची संख्या वाढवून हा दोष जात नाही, हे त्यांवरून दिसते. अभियंते याला सामाईक कारणाने होणारा बिघाड म्हणतात.

या गोष्टीचा सर्वांत जुना आणि सर्वांत बोलका धडा अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स या शहराचा आहे. मिसिसिपी नदी आणि एक मोठे सरोवर यांच्यामध्ये बशीसारखे बसलेले हे गाव. त्याचा बराच भाग समुद्रसपाटीखाली आहे आणि पडलेला पाऊस जवळजवळ सगळाच उपसावा लागतो. तिथल्या पाणी व मलनिस्सारण मंडळात आल्बर्ट बाल्डविन वुड नावाचा तरुण अभियंता होता. त्याने १९१३ च्या सुमारास आडव्या नळीत फिरणाऱ्या मळसूत्री पात्यांचा एक अजस्र पंप तयार केला. बारा फूट व्यासाच्या या पंपात कचरा, फांद्या अडकून राहत नसत. पुढे १९२९ मध्ये चौदा फुटांचे पंप आले. यातले कितीतरी पंप एकविसाव्या शतकातही काम करत होते. लोखंडाचे जाड कवच, संथ फिरणारा आस, बदलता येणारी बेअरिंगे. अशा यंत्राला म्हातारपण लवकर येत नाही.

त्या पंपांची वीज मात्र २५ सायकल्सची होती. आज भारतात प्रत्यावर्ती विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने आणि अमेरिकेत ६० आहे. १८९५ मध्ये नायगाराला वीजनिर्मिती सुरू झाली ती २५ ची, आणि त्या काळी मोठ्या, संथ मोटारींना हीच वारंवारता सोयीची वाटे. कारण सोपे आहे. मोटारीचा मिनिटाला फेऱ्यांचा वेग म्हणजे वारंवारतेला १२० ने गुणून ध्रुवांच्या संख्येने भागायचे. मिनिटाला १०० फेरे हवे असतील तर २५ आवर्तनांच्या विजेवर ३० ध्रुव पुरतात. ५० वर ६० लागतात, ६० वर ७२. ध्रुव वाढले की मोटार अवजड आणि महाग होते. तेव्हा न्यू ऑर्लिन्सने निवडले ते त्या वेळेस शहाणपणाचेच होते. शहराने आपले स्वतःचे वीजघरही बांधले, म्हणजे बाहेरच्या तारा वादळात तुटल्या तरी पंप चालावेत.

पुढे देश ६० आवर्तनांवर गेला आणि हे वीजघर बेटासारखे मागे राहिले. शेजारच्या तारांतली वीज त्या पंपांना सरळ लावता येईना. मध्ये वारंवारता बदलणारे यंत्र लागे. जुन्या टर्बाइनचे सुटे भाग बाजारात मिळेनात, ते मुद्दाम घडवून घ्यावे लागत. २९ ऑगस्ट २००५ च्या कतरिना वादळात बांध फुटून शहराचा ८० टक्के भाग बुडाला. मुंबईच्या प्रलयानंतर अवघ्या ३४ दिवसांनी! यंत्रे खाऱ्या पाण्यात भिजली, ती दुरुस्त करण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. ५ ऑगस्ट २०१७ रोजी काही वस्त्यांत तीन-चार तासांत सुमारे ९ इंच पाऊस पडला. सगळे पंप चालू होते, असे प्रथम सांगण्यात आले. मग कळले की डझनाहून अधिक पंप बंद होते आणि त्यांना चालवणाऱ्या टर्बाइनपैकी काही आधीपासूनच दुरुस्तीत होत्या. चार दिवसांनी, ९ ऑगस्टच्या रात्री, चालू असलेल्या एका टर्बाइनच्या विद्युत यंत्रणेत आग लागली. शहर पुढच्या पावसाकडे डोळे लावून बसले. डिसेंबर २०१९ मध्ये आणखी एका टर्बाइनचा स्फोट झाला. या सगळ्यात वुडच्या पंपांना कोणी नावे ठेवली नाहीत.

विजेची यंत्रे म्हातारी होतात म्हणजे नक्की काय होते? आपल्याकडे 'मोटार जळाली, भरायला टाकली' असे आपण सहज म्हणतो. जळते ते तांबे नव्हे; तांब्यावरचे रोधक आवरण जळते. मोठ्या रोहित्रात तांब्याच्या तारांवर कागद गुंडाळलेला असतो आणि सगळे तेलात बुडवलेले असते. कागद म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या हजारेक कड्यांची लांब साखळी. उष्णता, ओल आणि ऑक्सिजन या साखळ्या तोडत राहतात. साखळीतल्या कड्या सुमारे दोनशेवर आल्या की कागद पापडासारखा ठिसूळ होतो. १९३० मध्ये मॉण्टसिंगर या अमेरिकन अभियंत्याने एक ठोकताळा मांडला: तापमान साधारण ८ ते १० अंशांनी वाढले की रोधनाचे आयुष्य निम्मे होते. उन्हाळ्यात गावची डीपी का जाते, याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

यात एक मेख आहे. ठिसूळ झालेला कागदही विजेला अडवण्याचे काम बरेच दिवस चोख करतो. रोजच्या चाचणीत रोहित्र ठणठणीत दिसते. जवळपास कुठे तार तुटून शॉर्टसर्किट झाले की वेटोळ्यांतून प्रचंड प्रवाह जातो, वेटोळी चुंबकीय बलाने हिसका खातात आणि तो कागद त्या क्षणी फाटतो. तारा तुटतात वादळात. म्हणजे म्हातारे रोहित्र दगा देते तेही बहुधा वादळातच, पंप हवे असतात त्याच रात्री. म्हणूनच तेलाचा नमुना काढून त्यात कागदाच्या विघटनातून आलेली रसायने तपासणे हे काम आता महत्त्वाचे मानले जाते.

पावसाच्या पंपांचे आणखी एक दुखणे म्हणजे आठ महिन्यांची सुटी. सतत चालणारी मोटार आपल्याच उबेने कोरडी राहते. बंद मोटारीच्या वेटोळ्यांत समुद्राची दमट, खारट हवा शिरते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी मेगर लावून रोधकता मोजणे आणि पंप थोडा वेळ फिरवून पाहणे याला पर्याय नाही. कागदावर 'चालू स्थितीत' असलेला पंप प्रत्यक्षात चालेलच असे नाही. २६ मे २०२५ रोजी पाऊस वेळेआधी कोसळला. हिंदमाता, गांधी मार्केट यांसारख्या ठिकाणची छोटी उपसा केंद्रे वेळेवर सुरू झाली नाहीत, म्हणून महापालिकेने चालकांना दंड केला. तिथे यंत्र म्हातारे नव्हते. माणसांनी कॅलेंडरवर विसंबून राहणे नडले.

मुंबईला या बाबतीत इशारे मिळालेले आहेत. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी शहराची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. ग्रिडमध्ये बिघाड झाला तर मुंबईला अलग करून चालू ठेवण्याची व्यवस्था १९८१ पासून होती. त्या दिवशी ती उपयोगी पडली नाही. पावसाळा सरत आला होता, हे नशीब. जुलै २०२१ मध्ये भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पावसाचे पाणी शिरले, विद्युत यंत्रणा बंद करावी लागली आणि बाहेर सगळीकडे पाणी असताना शहराच्या मोठ्या भागातले नळ कोरडे पडले. पंपाचे स्वीचगिअर कोणत्या उंचीवर आहे, हा प्रश्न पंपाच्या क्षमतेइतकाच मोठा आहे, हे यातून दिसले.

हॉलंडमध्ये लेमर या गावी १९२० सालचे वाफेवर चालणारे एक पंपगृह आहे. ते जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले आहे, तरी ते केवळ प्रदर्शनाची वस्तू नाही. पाणी फार वाढले की त्याचे बॉयलर अजूनही पेटवतात. हिंदमाताच्या परिसरात २०२१ नंतर मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधून भरती उतरेपर्यंत पाणी साठवण्याची सोय केली गेली. टाकीत पाणी उताराने येते; वीज लागते ती नंतर, सवडीने, ती रिकामी करताना.

हाजी अलीचे पंप २०११ च्या सुमाराचे. रोहित्राचे आयुष्य साधारण २५ ते ३० वर्षे धरतात; तेव्हा ही यंत्रे आता मध्यमवयात आली आहेत. न्यू ऑर्लिन्सने मात्र शेजारच्या ६० आवर्तनांच्या विजेसाठी नवे उपकेंद्र आणि वारंवारता बदलणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे उभारायला घेतली. त्यांच्या दुसऱ्या टोकाला २५ आवर्तनांवरच फिरणारे जुने पंप.