सामान्यांचा कैवारी : विल्यम जेनिंग्ज ब्रायन

इ. स. १८९६ च्या जुलै महिन्याच्या ९ तारखेस शिकागो शहरीं डेमोक्रॅटिक पक्षाच्या परिषदेंत नेब्रास्का संस्थानचा अवघ्या ३६ वर्षांचा एक वकील बोलावयास उभा राहिला. त्याचें नांव विल्यम जेनिंग्ज ब्रायन. सोन्याशीं जखडलेल्या चलनामुळें शेतमालाचे भाव घसरले होते आणि कर्जबाजारी शेतकरी हवालदिल झाला होता. हें रूक्ष गाऱ्हाणें ब्रायननें ख्रिस्ताच्या क्रूसाच्या रूपकांत मांडलें. दुसऱ्याच दिवशीं पक्षानें त्यास अध्यक्षपदाचा उमेदवार निवडलें.

त्याच्या मोहिनीचें मर्म उघड आहे. तो मद्यास शिवत नसे, बायबलमधील दाखले त्याच्या जिभेवर असत, आणि त्या निवडणुकींत आगगाडीनें सुमारें १८,००० मैल हिंडून तो खेड्यापाड्यांतील लोकांशीं बोलला. आपल्या भाषेंत बोलणारा, आपल्याच देवाची प्रार्थना करणारा मनुष्य आपणांस फसविणार नाहीं, असें लोकांस वाटे. हा विश्वास अनाठायीं नव्हता. प्राप्तीवरील कर, सेनेटरांची थेट निवडणूक व स्त्रियांचा मताधिकार यांचा त्यानें पुरस्कार केला. १९२० पर्यंत या तिन्ही गोष्टी राज्यघटनेंत आल्या. १९०६ सालीं हिंदुस्थान पाहून त्यानें ब्रिटिश अंमलावर कठोर टीका केली. तथापि १८९६, १९०० व १९०८ अशा तिन्ही वेळां अध्यक्षपदानें त्यास हुलकावणी दिली.

परंतु ज्या श्रद्धेनें त्यास मोठें केलें, तिच्यांतच धोकाहि होता. १९२४ सालीं कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेचा नांव घेऊन निषेध करण्यास, पक्षांत फूट पडेल म्हणून, त्यानें विरोध केला. १९२५ सालीं टेनेसी संस्थानानें सरकारी शाळांतून मनुष्याच्या उत्क्रांतीचें शिक्षण देण्यास बंदी केली. जॉन स्कोप्स या शिक्षकावरील खटल्यांत ब्रायन फिर्यादीच्या बाजूनें उभा राहिला. बळवंतानें दुर्बळास चिरडावें असेंच डार्विनचें मत शिकवितें, अशी त्याची समजूत होती. शिवाय शाळेचा खर्च देणाऱ्या बहुजनांनींच तेथें काय शिकवावें हें ठरवावें, असें तो म्हणे. प्रतिपक्षाचा वकील क्लॅरेन्स डॅरो यानें उलटतपासणींत त्यास निरुत्तर केलें. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. पांच दिवसांनीं, २६ जुलैस, ब्रायन वारला. तो कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला.

कराचा दर बहुमतानें ठरवितां येतो. निसर्गाचें सत्य तसें ठरवितां येत नाहीं. ब्रायनच्या अंतःकरणाविषयीं त्याच्या शत्रूंसहि फारशी शंका नव्हती. म्हणूनच त्याचें चरित्र विचार करण्याजोगें आहे. उमेदवार सच्छील आहे काय, एवढेंच पाहून मतदाराचें कर्तव्य संपत नाहीं. ज्यांची श्रद्धा निराळी आहे त्यांचें तो काय करील, हेंहि त्यानें विचारलें पाहिजे.