लोपलेले दूरध्वनिनाद : कारंजा (घाडगे) येथून एक टिपण

इतिहासाच्या साधनांत आवाजाची गणना आपण सहसा करीत नाही. दप्तरे कागद राखतात, संग्रहालये वस्तू राखतात. व्हाइसरॉय लॉर्ड लिन्लिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून बसविलेला, असे ज्याविषयी सांगितले जाते, तो दूरध्वनी वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमात आजही पाहावयास मिळतो. यंत्र शाबूत आहे. ते कानाला लावले असता काय ऐकू येई, हे मात्र त्याच्याकडे पाहून कळत नाही.

जुन्या दूरध्वनीच्या आवाजांविषयी उतारवयाची मंडळी हल्ली मोठ्या हळवेपणाने बोलतात. हा हळवेपणा इतिहासाचे साधन म्हणून वापरता येईल काय, एवढाच प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे. आमच्या मते येईल. ते आवाज शोभेचे नव्हते. ते यंत्रणेच्या प्रत्यक्ष कामाचे होते, आणि आपला कॉल कोठवर पोहोचला हे ऐकणाऱ्यास त्यांवरूनच उमगे.

वर्धा जिल्ह्यातील कारंजा हे नागपूर-अमरावती महामार्गावरचे तालुक्याचे गाव. वाशीम जिल्ह्यातही एक कारंजा आहे. म्हणून हे कारंजा (घाडगे) आणि ते कारंजा (लाड). कागदावर हा भेद कंसात राहतो. मानवचलित विनिमयकेंद्रांच्या काळी मात्र ट्रंक कॉलची मागणी एका ऑपरेटरकडून दुसऱ्याकडे तोंडी जाई. तेथे कंसाला जागा नव्हती, शब्द उच्चारावाच लागे. यंत्राचा दांडा फिरविला की केंद्रातील फलकावर त्या क्रमांकाची झडप खट् आवाज करून पडे, दोरीचे टोक खाचेत बसे, आणि मग ऑपरेटरांच्या एकमेकांना घातलेल्या हाका अस्पष्टपणे कानी येत. ठरलेली तीन मिनिटे संपल्याची सूचनाही माणसाच्याच आवाजात मिळे. अंतर किती आहे हे अशा रीतीने ऐकूच येत असे.

माणसाचा हा आवाज काढून टाकण्यासाठीच पुढचे यंत्र जन्मास आले, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. अमेरिकेतील अल्मन स्ट्रोजर हा अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याचा संशय होता, अशी कथा आहे. त्याने १८९१ मध्ये स्वयंचलित विनिमयाचे पेटंट मिळविले. या पद्धतीत डायल सुटून मागे फिरताना विद्युत्प्रवाह सेकंदास सुमारे दहा वेळा खंडित होई, आणि केंद्रातील निवडयंत्र तेवढ्याच पायऱ्या चढून नंतर आडवे सरके. म्हणजे प्रत्येक अंकाला स्वतःची लांबी होती. एक हा अंक क्षणात संपे. शून्याला पुरा सेकंद लागे. आपल्या देशात ऑपरेटरवाचून दूरगावी बोलण्याची सोय १९६० साली कानपूर-लखनौ या मार्गावर प्रथम झाली. पुढे ती विस्तारत गेली तसे गावांना संकेतांक मिळाले. तळेगाव-कारंजा या क्षेत्राचा संकेतांक ०७१५६, तर कारंजा (लाड) चा ०७२५६. डायलवर पहिल्यास एकोणतीस ठोके, दुसऱ्यास तीस. ज्या भेदासाठी पूर्वी 'घाडगे' म्हणावे लागे, तो आता एका टिकटिकीवर येऊन ठेपला! कोणत्याही दप्तरात ही नोंद सापडणार नाही. डायल फिरवून पाहिल्यावाचून ती सुचतही नाही.

दूरध्वनीच्या आवाजांत एक असाही होता की जो दूरध्वनी नसलेल्यांच्या वाट्यास आला. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात दूरध्वनी जेमतेम ऐंशी हजार होते. खेड्यातील बहुसंख्यांनी रिसीव्हर कधी हातीही धरला नव्हता. परंतु रस्त्याकडेच्या तारखांबाला कान लावून आतली गुणगुण ऐकलेली माणसे पुष्कळ आढळतात. आत कोणाचे तरी बोलणे वाहत आहे, असा लहानपणी त्यांचा समज असे. वस्तुतः ती वाऱ्याची करणी. वारा तारेवरून वाहताना तिच्या मागे आलटून पालटून भोवरे सुटतात. त्यांच्या आंदोलनाने तार गुंजते आणि तो नाद खांबात उतरतो. समज चुकीचा होता, पण समजाचाही इतिहास असतो.

येथे एक सावधगिरी हवी. त्या काळचा ट्रंक कॉल पुष्कळ घरांत अशुभ वार्तेचा दूत होता, आणि तो लागेपर्यंत ताटकळणे ही काही रम्य गोष्ट नव्हे. आठवण सांगणारा प्रतीक्षा गाळतो आणि घंटा ठेवतो. प्रस्तुत लेखकासही हा मोह आवरत नाही.

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण भागासाठी १२८ जोडण्यांचे इलेक्ट्रॉनिक केंद्र तयार केले व १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते प्रथम बसविले. अशा केंद्रात चढणारे-सरकणारे निवडयंत्रच नाही. त्यामुळे त्याचा आवाजही नाही. खेड्यापाड्यांत दूरध्वनी पोहोचला तो बव्हंशी या मुक्या यंत्रांच्या द्वारे. हा लाभ फार मोठा होता, आणि त्याविषयी हळहळण्याचे कारण नाही.

तथापि मानवचलित फलकावर बसलेले ऑपरेटर आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत. विभागाने त्यांच्या मुलाखती घेताना नेमणूक, वेतन, बदली यांखेरीज आणखी एक प्रश्न विचारावा : ट्रंकवर दुसऱ्या केंद्राला हाक कशी घालीत, ती जशीच्या तशी म्हणून दाखवा. आणि कारंजा मागताना 'घाडगे' आधी म्हणत की मागून, हेही.